उसनं इंजिन

नगरच्या कॉलेजात विमानविद्येचा वर्ग निघाला, तेव्हा गावाला हसायला आयतं निमित्त मिळालं. जिथे उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी भांडणं जुंपतात, तिथली पोरं म्हणे विमान शिकणार! शांतवन उजागरे सायकलवरून कापडबाजारातून निघाला की कोणीतरी मुद्दाम हाक मारायचं, "काय मास्तर, तुमचं विमान पाथर्डीला थांबतं का हो?" शांतवन तोंडदेखलं हसायचा आणि सायकल पुढे दामटायचा. भांडत बसायला त्याला वेळ नव्हता.

दारावरच्या पाटीवर 'वैमानिक तंत्रविद्या विभाग' अशी ठसठशीत अक्षरं होती. आत पाहाल तर पत्र्याची एक लांब शेड, लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेलं, पंखांचं कापड फाटलेलं एक विमान, आणि लाकडी घोड्यावर बसवलेलं एकच एक चालू इंजिन. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! पण त्या एका इंजिनावर शांतवनने दहा-बारा पोरं अशी काही घासूनपुसून तयार केली होती की पाटीवरच्या नावाची लाज वाटू नये.

त्याचं शिकवणं मात्र जगावेगळं होतं. इंजिन चालू कसं करायचं हे तो सगळ्यात शेवटी शिकवायचा. आधी शिकवायचा, ते केव्हा चालू करायचं नाही हे. त्याला कारण होतं. लढाईच्या दिवसांत शांतवन हवाई दलाच्या एका शाळेत इंजिनं शिकवायला होता. तिथे एका सकाळी एक विमान उठलं आणि धावपट्टीच्या टोकालाच कोसळलं. आतली दोन पोरं जळून गेली. ज्याने 'तपासलं' म्हणून सही केली होती, त्याने काहीच तपासलं नव्हतं. साहेब घाईत होते, नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही, म्हणून केली सही. त्या दोघांपैकी एकाला शांतवनने स्वतः शिकवलं होतं. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घर करून बसली होती. विमान उडवणारे ढीगभर मिळतील. ते उडू नये तेव्हा साहेबाच्या तोंडावर 'नाही' म्हणणारा माणूस हवा. वर्गात रोज इंजिन चालू करण्याआधी एका पोराने ते तपासायचं, फळ्यावर सही करायची, आणि डोळ्यांनी पाहिलं नसेल तर सही करायची नाही. मग समोर कोणी का असेना.

हे सगळं ठीक होतं. पण घोडं पेंड खात होतं ते मान्यतेपाशी. विद्यापीठाने या वर्गाला अजून मान्यता दिली नव्हती. मान्यता नाही म्हणजे पदविकेचा कागद भजी बांधायच्या लायकीचा. परवान्याच्या परीक्षेला कोणी बसू देणार नाही, मुंबईच्या विमान कंपन्या दारात उभं करणार नाहीत. पहिल्या तुकडीची दोन वर्षं दिवाळीला पुरी होत होती. मान्यता मिळाली नाही, तर ही पोरं होती तिथे परत जाणार होती. कोणी ढोरांमागे, कोणी ऊसतोडीला, आणि यशयासारखा एखादा भिंगारच्या छावणीत हमाली करायला. शांतवनला या विचाराने घास गिळवत नसे.

१९४९ सालच्या गणपतीनंतर विद्यापीठाची समिती तपासणीला येणार असं कळलं. अर्जात एक रकाना होता, 'अभ्यासक्रमाची उद्दिष्टे'. इतर कॉलेजं तिथे राष्ट्राची प्रगती, तरुणांचा सर्वांगीण विकास वगैरे नेहमीची फोडणी देतात. शांतवनने लिहिलं, 'जे विमान उडू नये ते थांबवण्याइतका जाणता आणि खरा माणूस तयार करणे.' लिहून झाल्यावर त्याला बरं वाटलं. शब्द लिहायला फुकट असतात, त्यामुळे तसं वाटतंच.

अडचण वेगळीच निघाली. समितीच्या नियमात होतं की वर्गाकडे दोन चालू इंजिनं हवीत. शांतवन संस्थेच्या अध्यक्षांकडे, रावसाहेब कारभारी म्हस्क्यांकडे गेला. लढाईत छावणीला कडबा आणि लाकूडफाटा पुरवून रावसाहेब वर आलेले. गोऱ्या सरकारने 'रावसाहेब' केलं, मग स्वराज्य आल्यावर त्यांनी खादीची टोपी घातली. कुठल्या हंगामात काय पेरायचं हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

"दुसरं इंजिन ना? आनतो की," रावसाहेब म्हणाले. "भिंगारात आपला एक दोस्त हाय, मोडीचा माल घेतो. त्याच्याकडं हाय एक. दोन दिसांसाठी देईल उसनं."

"उसनं?" शांतवन म्हणाला. "समितीला काय सांगायचं?"

"आपलंच म्हनून सांगायचं!" रावसाहेब मांडीवर थाप मारून हसले. "आवो मास्तर, दिपोटी यायचा म्हनलं की आमच्या शाळंत काय चालायचं? पट भरायचा न्हाई, म्हनून शेजारच्या गावची पोरं आनून बसवायचे. मी सोता तीन गावच्या शाळंत पहिलीला बसलोय! दिपोटी गेला की पोरं आपापल्या घरी. कुनाचं काय वाईट झालं? हा बी दिपोटीच. जरा इंग्रजी बोलनारा."

शाळा तपासायला येणाऱ्या डेप्युटी साहेबाला खेड्यापाड्यांत दिपोटी म्हणत. आणि रावसाहेब बोलत होते ते खोटं नव्हतं. शांतवनचे वडील मिशनच्या शाळेवर मास्तर होते, रोज बायबल वाचणारे, सत्यवचनी. पण दिपोटी यायच्या दिवशी तेही वरच्या आळीतून चार पोरं उसनी आणत आणि शांतवनच्या शेजारी बसवत. त्याला कोणी खोटं म्हणत नसे. पाहुणा आला की शेजारणीच्या चांगल्या कपबशा मागून आणतात, त्यातलाच हा प्रकार. पाहुण्याचा मान राहतो, शाळेची अब्रू राहते, अनुदान चालू राहतं. साऱ्या मुलखाने पिढ्यान् पिढ्या हे केलं, आणि ते करताना कोणाची जीभ झडली नाही. शांतवनने मनाशी ठरवलं, इंजिन नुसतं कोपऱ्यात ठेवायचं. चालू करायचं नाही, त्याबद्दल फारसं बोलायचंही नाही. इतकंच.

समिती येण्याच्या आदल्या दिवशी, ऊन कलताना, बैलगाडीतून इंजिन आलं. पोरांनी ते उतरवून घेतलं, पुसलं, त्यावर रुपेरी रंग मारला आणि कॉलेजचं नाव घातलं. एकटा कानिफनाथ त्याच्याभोवती फिरत राहिला. शनिशिंगणापूरचा हा पोरगा, बापाविना वाढलेला, हाडापेराने दणकट आणि बोलायला कमी. वर्गात सगळ्यांत तयारीचा तोच.

"सर, उघडून बगू का?" त्याने विचारलं.

"रंग ओला आहे. राहू दे आता."

"मंग उद्या चालू न्हाई ना करायचं?"

"नाही रे बाबा. नुसतं ठेवायचंय." शांतवन जरा चिडूनच म्हणाला. आपणच पढवलेल्या पोराने आपल्यालाच तपासावं, हे त्याला त्या घाईत रुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी समिती आली. प्रमुख होते प्रोफेसर गुर्जर, पिकल्या केसांचे, शांत बोलणारे. त्यांनी शेड पाहिली, पोरांना प्रश्न विचारले, फळ्यावरच्या सह्या निरखून पाहिल्या. मग शांतवनचा अर्ज काढून उद्दिष्टांचा रकाना सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. "असं वाक्य मी आजवर एकाही अर्जात वाचलेलं नाही," ते म्हणाले. शांतवनचे कान तापले. रावसाहेबांना वाक्याचा अर्थ कितपत लागला कोण जाणे, पण त्यांनी मान डोलावली.

आणि मग गुर्जरांनी त्या रुपेरी इंजिनावर हात ठेवला. "हे दुसरं, नाही का? जरा चालू करून दाखवा. तुमच्या पद्धतीने, आधी तपासणीची सही."

सगळ्यांच्या नजरा कानिफनाथकडे गेल्या, कारण अशा वेळी पुढे तोच व्हायचा. तो पुढे झालाही. खडू हातात घेतला. मग तो खडू त्याने फळ्याच्या कडेवर परत ठेवला.

"मी सही न्हाई करनार, सर. ह्ये मी उघडून बगितलेलं न्हाई."

गुर्जरांच्या भुवया वर गेल्या. "म्हणजे? दोन वर्षं शिकताय ना याच्यावर?"

"न्हाई जी. काल संध्याकाळी आलंय, भिंगारहून."

रावसाहेबांचा चेहरा पडला. पोरं जमिनीकडे पाहू लागली. गुर्जर वळले आणि म्हणाले, "उजागरे, तुम्ही सांगा. ज्याने हे वाक्य लिहिलं, त्याचा शब्द मी प्रमाण मानतो."

बोलायला एक क्षण होता. त्या एका क्षणात शांतवनला सगळी पोरं दिसली. यशया छावणीत पोतं उचलताना दिसला, बाकीचे कोयता घेऊन उसाच्या फडात उतरताना दिसले. मान्यता आणि ही पोरं एका पारड्यात, आणि दुसऱ्या पारड्यात एकटा कानिफनाथ. हिशेब सोपा होता. वाईट माणसाला असले हिशेब करावेच लागत नाहीत. ते करायची पाळी येते चांगल्यावर, आणि त्याला ते जमतातही.

"तो खोटं बोलतो," शांतवन म्हणाला.

एवढ्यावर थांबला असता तरी एक वेळ चाललं असतं. पण खोट्याला एक पाय पुरत नाही. "चाचणीत मी त्याला नापास केलं," तो पुढे म्हणाला, "त्याचा राग काढतोय."

कानिफनाथने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. आपण ऐकलं ते बरोबर ऐकलं का, हे पडताळणाऱ्या माणसासारखं. मग खांद्यावरचा पंचा सारखा करून तो शेडबाहेर निघून गेला.

"मी करतो सही!" यशया पुढे आला. त्याने इंजिनाकडे पाहिलंही नाही, फळ्यावर झोकदार सही ठोकली आणि पंखा फिरवला. दोन आचके देऊन इंजिन लागलं. काय आवाज झाला! पत्रे थरथरले, रावसाहेबांनी टाळ्या वाजवल्या, समितीनेही वाजवल्या. ते इंजिन फुटलं नाही, कोणाचा हात तुटला नाही. देवाने तेवढीसुद्धा अडचण येऊ दिली नाही.

निघताना चहाचा कप खाली ठेवून गुर्जर शांतवनला म्हणाले, "त्या मुलाचं वाईट वाटतं. हुशार दिसला. आणि गंमत बघा, एक इंजिन कमी असतं तरी काही बिघडत नव्हतं. नव्या वर्गांना आम्ही तात्पुरती मान्यता देतोच, वर्षाची मुदत घालून."

शांतवनने मान हलवली. तेव्हाही तोंड उघडता आलं असतं. गुर्जर समोर होते, मोटार अजून सुरू व्हायची होती. तो म्हणाला, "पुन्हा अवश्य या, सर."

दिवाळीच्या आधी मान्यता आली. रावसाहेबांनी पेढे वाटले आणि शांतवनला 'मास्तर' म्हणायचं सोडून 'प्रोफेसर' म्हणायला लागले. कानिफनाथचं नाव संस्थेने पटावरून काढून टाकलं होतं, समितीपुढे खोटं बोलून संस्थेची बदनामी केल्याबद्दल. बाकी सगळे पास झाले. यशयाला मुंबईहून बोलावणं आलं. तो पाया पडायला आला, तेव्हा शांतवनने त्याला विचारलं, "त्या दिवशी इंजिन न तपासता सही का केलीस?"

यशयाला प्रश्नच कळला नाही. "तुम्हाला पाहिजे होती ना, सर?" तो म्हणाला.

घरी शांतवनची बायको दया त्याला काही विचारत नव्हती. ती मिशनच्या दवाखान्यात परिचारिका होती, गावातलं सगळं तिच्या कानावर यायचं. एका रविवारी मिशनच्या देवळातून परतताना ती एवढंच म्हणाली, "आजकाल पापांची कबुली देताना तुमचे ओठ हलत नाहीत." दुसऱ्या दिवशी शांतवन रावसाहेबांकडे गेला आणि कानिफनाथला परत घ्या म्हणाला. रावसाहेब आनंदात होते. "घेऊ की! पोरगं हाय, चुकलं आसंल. येऊ द्या, माफी मागू द्या, घेतला परत."

हा निरोप घेऊन शांतवन सर्व्हिस मोटारीने घोडेगावला उतरला आणि तिथून पायी शिंगणापूरला गेला. वाटेत त्याने ठरवलं होतं की माफीचं हळू आवाजात सांगायचं, एकट्या कानिफनाथला. तो समजूतदार आहे. पदविका पदरात पडली की सगळं विसरेल.

त्या गावात घराला दार नसतं, तेव्हा कडी वाजवायचा प्रश्न नव्हता. घरासमोर बैलगाडी उभी होती. तिच्यात पातेली, गोधड्या, कोयते भरणं चाललं होतं. ही माणसं राहात्याकडे ऊसतोडीला निघाली होती. कानिफनाथ गाडीवर उभा राहून दोर आवळत होता. त्याची आई कडूबाई शांतवनला पाहून धावत पुढे आली, डोक्यावर पदर घेऊन सरळ त्याच्या पायांवर कोसळली.

"मास्तर, पोराला पदरात घ्या! तुमी सोता आलाव, देवच आला जनू."

शांतवन मागे सरकला. "उठा, उठा. मी सांगायला आलोय, संस्था त्याला परत घेणार आहे. फक्त माफी—"

"मागंल की! न मागाया काय झालं?" कडूबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "काय सांगू मास्तर, घरी आला तवा मला म्हनला, आये, मी खरं बोल्लो. शनिदेवाची आन घेतली वो त्यानं माज्यापुढं! म्या म्हनलं, मेल्या, येवढा शिकलेला मानूस, उठताबसता देवाचं नाव घेनारा, त्यो खोटं बोलंल व्हय? आन तू खरा? दिली एक मुस्काडात. पुन्यांदा तेच म्हनला, पुन्यांदा दिली. आन खोटी आन घेतली म्हनून दर शनवारी वल्या अंगानं देवाला त्याल घालाया लावती. आमा बायांना चौथऱ्यावर जाता येत न्हाई, मी खाली हुबी ऱ्हाती आन बगती, नीट घालतोय का." ती डोळे पुसत म्हणाली, "मास्तर, देव माफ करंल का वो त्याला?"

इतके दिवस शांतवनने स्वतःला समजावलं होतं की एका पोराचं वर्ष गेलं, फार तर फार दोन. दर शनिवारी हे पोर थंड पाण्याने अंघोळ करून, ओलेत्याने त्या शिळेपुढे आपल्या खोट्याबद्दल तेल ओतत होतं, आणि खाली आई हात जोडून उभी होती, हे त्याच्या हिशेबात कुठेच नव्हतं. तो तिथेच मातीत तिच्यासमोर बसला.

"कडूबाई, ऐका. तुमचा मुलगा खरं बोलला. इंजिन उसनं होतं. खोटं मी बोललो. नापास केल्याचंही खोटं. तो कधीच नापास झाला नव्हता."

कडूबाई त्याच्याकडे टक लावून पाहत राहिली. मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"आयकलंस का रं?" ती गाडीकडे वळून ओरडली. "तुज्यापायी गुरू सोतावर घेतोय! सोताला खोटा म्हनवून घेतोय! कसलं मन म्हनायचं ह्ये!" मग ती शांतवनकडे वळली आणि हात जोडून, आवाज खाली आणून म्हणाली, "पन मास्तर, माज्यापुढं बोल्लात ते बोल्लात. हितं पुन्यांदा नका बोलू. ह्या गावात खोटं चालत न्हाई. देव लई कडक हाय."

"मी खरं सांगतोय, बाई!" शांतवन जवळजवळ ओरडला. "शपथेवर सांगतो."

"आन नका घेऊ, मास्तर!" ती घाबरून त्याच्या तोंडापुढे हात नेत म्हणाली. "तुमाला पाप लागंल."

शांतवनने वर पाहिलं. "कानिफनाथ, तू तरी सांग तिला."

"सांगितलं हुतं, सर," कानिफनाथ दोराला गाठ मारत म्हणाला. "दोनदा."

"मग पुन्हा सांग. माझ्यासमोर सांग."

"आता नगं. आता कुठं ती रडायची थांबली हुती."

"उतर खाली!" कडूबाईने हाक दिली. "मास्तर येवढं चालत आले. धर पाय. माग माफी."

कानिफनाथ गाडीवरून उतरला. त्याने हात पंच्याला पुसले, शांतवनसमोर आला, वाकला आणि त्याच्या दोन्ही पायांवर डोकं ठेवलं. शांतवनला पाय मागे घ्यायचे होते, पण ते त्याला हलवता येईनात. बाजूला कडूबाई समाधानाने पाहत होती.

"चुकलं, सर," कानिफनाथ म्हणाला. "माफ करा."

मग तो उठला, बैलांच्या पाठीवरून हात फिरवला आणि गाडी जुंपायला लागला.